वाचकांचे प्रश्न : महिला विद्यापीठाचे जुने कागद

प्रश्न : मुरुड येथील आमच्या जुन्या घरातील पेटीत महर्षी कर्वे यांच्या महिला विद्यापीठासाठी दिलेल्या वर्गणीच्या काही पावत्या आणि एक छापील विनंतीपत्रक सापडले. अशा कागदांना इतिहासाच्या दृष्टीने काही मोल आहे काय? विद्यापीठाच्या आरंभकाळाच्या इतर नोंदी कोठे शोधाव्यात?
— एक वाचिका, मुरुड (ता. दापोली)

उत्तर : मोल आहे, आणि ते आपल्याला वाटते त्याहून अधिक आहे. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली सरकारी कायद्याने झाली आणि प्रांताचा गव्हर्नर हाच त्याचा पदसिद्ध कुलपती असे. त्यामुळे त्याच्या नेमणुका, ठराव आणि परीक्षांचे निकाल सरकारी दप्तरात व विद्यापीठाच्या छापील वार्षिक कॅलेंडरांत क्रमाने नोंदले जात राहिले. कर्वे यांनी १९१६ साली सुरू केलेल्या विद्यापीठामागे असा कायदा नव्हता. मातृभाषेतून उच्च शिक्षण देणारी ती संस्था स्वातंत्र्यानंतर वैधानिक मान्यता मिळेपर्यंत लोकांच्या देणग्यांवर आणि कार्यकर्त्यांच्या पायपिटीवर उभी होती. म्हणून तिच्या पहिल्या वर्षांचा इतिहास जितका अधिसभेच्या इतिवृत्तांत आहे, तितकाच वर्गणीदारांच्या घरातील पेट्यांतही विखुरलेला आहे. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० साली दिलेल्या पंधरा लाखांच्या देणगीची नोंद कोणत्याही इतिहासात मिळेल, कारण त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठाला लाभले. मुरुडच्या एखाद्या कुटुंबाने दिलेल्या लहानशा रकमेची साक्ष मात्र कदाचित आपल्या हातातील पावतीच देईल.

शोधाचा आरंभ संस्थेच्या स्वतःच्या दप्तरापासून करावा. अधिसभेची इतिवृत्ते, वार्षिक अहवाल आणि हिशेबपत्रके यांवरून कोणत्या वर्षी कोण कोणत्या पदावर होते आणि पैसा कोठून आला, हे कळते. त्यांच्या जोडीला त्या काळातील वृत्तपत्रे आणि मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारातील शिक्षण खात्याचे कागद पाहावेत. कर्वे यांचे इंग्रजी आत्मकथन अवश्य वाचावे. परंतु ते १९३६ साली, म्हणजे स्थापनेनंतर वीस वर्षांनी प्रसिद्ध झाले आहे, हे ध्यानात ठेवून त्यातील तारखा त्या त्या वेळच्या कागदांशी पडताळून घ्याव्यात.

एक कळकळीची विनंती आहे. कोकणातील पावसाळी दमट हवा आणि वाळवी यांच्यापुढे कागद फार काळ टिकत नाही. पावत्यांना चिकटपट्टी लावू नये, त्या प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करू नयेत आणि टाचण्या काढून ठेवाव्यात, कारण गंजाचा डाग अक्षरे खातो. दोन्ही बाजूंची स्पष्ट छायाचित्रे घ्यावीत, कागद कोणाच्या घरी व कोणत्या कागदांसोबत सापडला ते वेगळ्या कागदावर लिहून ठेवावे, आणि शक्य झाल्यास मूळ प्रती विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे सोपवाव्यात.

प्रश्न : आमच्या मालवणचे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू होते, असे येथे सांगितले जाते. ते खरे काय?
— एक वाचक, मालवण

उत्तर : नाही. तो मान १८९२ साली नियुक्त झालेले न्यायमूर्ती काशिनाथ त्रिंबक तेलंग यांचा आहे. त्यांचे १८९३ साली निधन झाले आणि त्यानंतर भांडारकर त्या पदावर आले. मात्र १८६२ साली मुंबई विद्यापीठातून बी. ए. झालेल्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे यांच्यासह भांडारकर होते, आणि १९१६ साली कर्वे यांच्या महिला विद्यापीठाचे पहिले कुलपतीही तेच झाले. ‘पहिले’ हे विशेषण त्यांच्याकडे असे दोन ठिकाणी रास्तपणे येते. तिसऱ्या ठिकाणी ते तेलंगांचेच राहू द्यावे.