अकरा सॅम्पल्स आणि एक चलन

प्रश्न (पत्र संक्षिप्त करून) : मी कपड्यांची डिझायनर आहे. मुलाखती देत नाही, शोच्या शेवटी रॅम्पवरही येत नाही. एका बड्या फॅशन मासिकाच्या संपादिकेने शूटसाठी माझी अकरा सॅम्पल्स नेली, ती परत आलीच नाहीत. पुढे तिच्या मर्जीतल्या स्टायलिस्टने दुसऱ्या लेबलसाठी केलेल्या कलेक्शनमध्ये माझी चुण्यांची बाही जशीच्या तशी दिसली. मी बोलले, तर नऊ महिन्यांपूर्वी मासिकात छापून आलं, 'कलेक्शन रटाळ, शिवाय नमुने उचललेले.' आता शोमध्ये जागाही मिळत नाही. सगळ्यांवर केस करता येईल का? आणि हो, सॅम्पल्स 'रिटर्नेबल' चलनावर, म्हणजे परतीच्या बोलीच्या पावतीवर, गेली होती; खाली तिच्या असिस्टंटची सही आहे.

उत्तर : सगळ्यांवर नको. निम्मं पत्र तुम्ही 'रटाळ' या शब्दावर खर्च केलंय. तो सोडून द्या. ते मत आहे, आणि वाईट मत देण्याचा समीक्षकाला हक्क आहे. 'नमुने उचललेले' हा मात्र थेट आरोप आहे. तो खरा असल्याचं त्यांना दाखवावं लागेल. अब्रुनुकसानीच्या दिवाणी दाव्याची मुदत प्रसिद्धीपासून एक वर्ष. म्हणजे तुमच्या हातात तीनच महिने उरलेत, आणि नोटीस पाठवली म्हणून घड्याळ थांबत नाही.

बाहीचं उत्तर एका आकड्यात आहे, तो तुम्ही कळवलेला नाही. त्या डिझाइनचे नग किती काढलेत? 2000 च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी नसेल आणि यंत्रोत्पादनात पन्नासहून जास्त नग निघाले असतील, तर 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 15 आडवं येतं आणि कॉपीराइटचा हक्क संपतो. डिझायनर रितु कुमार यांच्या लेबलला बिबा या कपड्यांच्या ब्रँडविरुद्ध 2016 साली दिल्ली उच्च न्यायालयात हेच नडलं. उलट डिझायनर तरुण तहिलियानींच्या प्रकरणात नग पन्नासच्या आत होते, तिथे 2008 साली त्याच न्यायालयाने संरक्षण मान्य केलं. तेव्हा कारखान्याची वही काढा, तारखा घातलेली स्केचेस आणि पेपर पॅटर्नही. जगासमोर आलेल्या बाहीची नोंदणी आता होणार नाही. नव्या डिझाइनचा अर्ज मात्र लुकबुक, म्हणजे कलेक्शनच्या फोटोंची पुस्तिका, कोणालाही पाठवण्याआधी करा; आधी दहा वर्षं, मग आणखी पाच मिळतात.

तुमची सगळ्यात भक्कम बाजू तुम्ही शेवटच्या ओळीत, जाता जाता लिहिलीत : सॅम्पल्स 'रिटर्नेबल' चलनावर गेली आणि खाली त्यांच्या असिस्टंटची सही आहे. अशी परतीच्या बोलीवर वस्तू सोपवण्याला करार कायद्यात निक्षेप म्हणतात. ठरल्या वेळी वस्तू परत केली नाही, तर त्यानंतर ती हरवली, फाटली, डागाळली तरी भरपाई नेणाऱ्याच्या माथी. आजच चलनाची प्रत जोडून लेखी मागणी पाठवा. त्या पत्रात समीक्षेचा उल्लेखही नको.

शोमधली जागा? एकट्या आयोजकाने नकार देणं बेकायदा नाही. अनेकांनी संगनमत करून दारं बंद केल्याचा पुरावा असेल, तर स्पर्धा कायद्याचा विचार करू. निव्वळ कुजबुजीवर नाही. पॅरिसचा डिझायनर अझेदिन अलाया तर फॅशन वीकचं वेळापत्रक बाजूला ठेवून, कपडे तयार झाले की आपल्याच जागेत शो करायचा.

एक अडचण तुमच्या स्वभावाची आहे. दावा लावलात तर डिझाइन तुमचंच आहे हे शपथेवर तुम्हालाच सांगावं लागेल आणि उलटतपासणीलाही उभं राहावं लागेल. तिथे तुमच्याऐवजी मॅनेजर चालणार नाही. सॅम्पल्सच्या मागणीला मात्र घराबाहेर पडायची गरज नाही. सुरुवात तिथून करा.