धार्मिक श्रद्धेने मानसिक आजार बरा होतो का?

तुमची आई नैराश्यासाठी काही महिन्यांपासून गोळ्या घेत आहेत. मधल्या काळात त्या वस्तीतल्या सत्संगाला जाऊ लागल्या, त्यांना बरे वाटू लागले आणि आता मामांच्या सांगण्यावरून त्या गोळ्या बंद करायचे म्हणत आहेत. श्रद्धेने आजार बरा होतो का, की श्रद्धा ही मुळातच दुबळ्या मनाची खूण आहे, असे तुम्ही विचारले आहे. मी नागपुरात धंतोलीतील एका दवाखान्यात समुपदेशक म्हणून काम करते. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांत डॉक्टरांच्या चिठ्ठीसोबत कुठल्या तरी देवस्थानाचा अंगारा किंवा दर्ग्याचा धागाही असतो, त्यामुळे हा प्रश्न मला रोजचा आहे.

गोळ्यांचे आधी सांगते, कारण ते थांबण्यासारखे नाही. नैराश्यावरील औषधांचा गुण दिसायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात, आणि बरे वाटू लागल्यावरही पहिल्या खेपेला ती पुढे ६ ते ९ महिने चालू ठेवण्याचा सल्ला दिला जातो, कारण मध्येच सोडल्यास आजार उलटण्याची शक्यता बरीच वाढते. एकदम बंद केल्यास काहींना चक्कर, मळमळ, झोपमोड, चिडचिड आणि डोक्यात झिणझिण्या असा त्रास काही दिवस होतो. घरचे लोक मग त्याला ‘बाहेरचे काहीतरी’ समजतात आणि प्रकरण आणखी लांबते. डोस कमी करायचाच असेल तर तो डॉक्टरांनी, पायरीपायरीने कमी करायचा असतो.

आता सत्संगाविषयी. आईंना तिथे बरे वाटते हे खरे मानावे. नैराश्यातील माणूस घराबाहेर पडणे सोडतो, बोलणे सोडतो, आपण कुणाला नको आहोत असे त्याला वाटू लागते. ठरलेल्या वेळी आवरून निघणे, चार बायकांनी “काल का आल्या नाही?” असे विचारणे, सगळ्यांबरोबर आवाज लावून भजन म्हणणे, या गोष्टी आजारावर नेमक्या तिथेच काम करतात. आम्हीही उपचारात रुग्णाला छोट्या, ठरलेल्या कामांकडे परत आणतो, तेव्हा हेच साधत असतो. २००२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दक्षिण भारतातील एका मंदिरात मुक्कामाला राहिलेल्या ३१ मनोरुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. तिथे औषध नव्हते, कुणी मारझोड करीत नव्हते, रोजची साधी कामे आणि प्रार्थना होती, आणि लक्षणांत सरासरी २० टक्क्यांच्या आसपास घट आढळली. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण प्रेमळ आसऱ्याची किंमत त्यातून दिसते. श्रद्धेला सरसकट दुबळेपणा म्हणणे मला म्हणूनच पटत नाही.

माझ्या अनुभवात, माणूस श्रद्धाळू आहे की नाही यापेक्षा आजारपणात त्याची श्रद्धा त्याला काय सांगते, यावर पुष्कळ काही ठरते. केनेथ पार्गामेंट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी हा भेद चांगला मांडला आहे. देव माझ्यासोबत आहे, असे मानणारा एक. देवाने मला टाकले, हा मला दंड आहे, असे मानणारा दुसरा. रुग्णालयात दाखल झालेल्या सुमारे ६०० वयस्क रुग्णांच्या त्यांच्या २००१ सालच्या अभ्यासात दुसऱ्या प्रकारचे विचार असणाऱ्यांमध्ये पुढील दोन वर्षांतील मृत्यूचा धोका अधिक दिसला होता. आपल्याकडे हेच बोलणे “मागच्या जन्मीचे भोगतो आहे”, “कुलदेवतेचा नवस फेडायचा राहिला” अशा रूपात येते. नैराश्य मुळातच माणसाला अपराधी वाटायला लावते. त्यावर घरच्यांनी पापाचा शिक्का मारला की त्याला वर यायला वाव उरत नाही.

कधी आजार श्रद्धेचेच रूप घेऊन येतो आणि लवकर ओळखू येत नाही. ओळख कळू नये म्हणून तपशील बदलून एक उदाहरण देते. एक निवृत्त गृहस्थ संध्याकाळी दिवा लावून स्तोत्र म्हणायला बसत. एखादे अक्षर चुकले अशी शंका आली की ते पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करीत, म्हणताना बोटांच्या पेरांवर ओळी मोजत, मोजणी चुकली की पुन्हा आरंभ. समई दोनदा तेल घालून तेवत राही आणि जेवण रात्री अकरावर जाई. घरच्यांना वाटे, बाबा किती धार्मिक झाले. ते मात्र घामाने भिजलेले असत, कारण चूक राहिली तर नातवाला काही होईल ही भीती त्यांना उठू देत नसे. हा मंत्रचळाचा, म्हणजे तीच शंका आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार होता. त्यावर औषधे आहेत, आणि चूक झाली तरी पुढे जायचे, शंका तशीच सोडून उठायचे, असा टप्प्याटप्प्याचा सरावही आहे. त्यांच्या ओळखीच्या गुरुजींनी पूजेच्या शेवटी म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनेची आठवण करून दिली, जिच्यात अक्षर किंवा मात्रा चुकली असेल तर क्षमा कर, असे देवालाच सांगितलेले असते. त्याने त्यांना धीर आला. पुढे ते ती क्षमाप्रार्थनाही पुन्हा पुन्हा म्हणू लागले, म्हणून तिलाही एकदाच म्हणण्याची मर्यादा घालावी लागली. शास्त्रात सवलत आहे हे समजणे वेगळे आणि आजार सुटणे वेगळे.

नागपूरकरांनी याच संदर्भात दीक्षाभूमीचाही विचार करावा, असे मला मनापासून वाटते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसोबत लाखो लोकांनी धम्म स्वीकारला आणि त्यांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांतून जुने देव आणि श्राद्ध-पिंडदान नाकारून माणसाच्या समतेवर विश्वास जाहीर केला. तुझा जन्मच हलका, असे पिढ्यानपिढ्या ऐकलेल्या माणसाला मान ताठ करता येणे, ही मनाच्या आरोग्याचीही गोष्ट आहे. स्वतःला कमी लेखायला लावणारी श्रद्धा सोडण्याने माणसे सावरतात, याचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही.

साक्षात्कार कोणता आणि भास कोणता, हाही प्रश्न या शहराला जुना आहे. नागपूरच्या ताजबागेत ज्यांची समाधी आहे ते सूफी संत ताजुद्दीन बाबा १८९२ ते १९०८ या काळात नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात होते. लोक त्यांच्या दर्शनाला तिथेही जात असत असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते, आणि पुढे राजे रघुजीराव भोसले यांनी त्यांना तिथून बाहेर आणले. त्यांच्याविषयी निदान करण्याचा मला अधिकार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मात्र स्पष्ट लिहिले आहे की, समाजात रूढ असलेल्या धार्मिक समजुतींशी एखाद्याचे वागणे जुळत नाही एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. आम्ही पाहतो ते इतकेच : झोप आहे का, काम होते का, माणूस घाबरलेला आहे का, त्याला ऐकू येणारे आवाज स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगतात का. नवरात्रात अंगात येऊन दुसऱ्या दिवशी शेतावर जाणारी बाई आणि आठ रात्री न झोपता देवीच्या आज्ञा ऐकणारी मुलगी यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

जिथे उपचार अडवला जातो, बांधून ठेवले जाते, मारले जाते, तिथे मात्र मी कुठलीही सवलत देणार नाही. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याजवळच्या एका आश्रयगृहाला आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेले २८ रुग्ण पळू न शकल्याने जळून मेले. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे किंवा साखळीने बांधणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. याच्या उलट, गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात दुआ मागायला येणाऱ्यांना तिथेच मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवण्याची सोय करण्यात आली. मला तो मार्ग योग्य वाटतो.

उपवासाचेही डॉक्टरांना सांगा. अनेकजण उपवासाच्या दिवशी गोळी घेत नाहीत. मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांवरचे लिथियम हे औषध घेणाऱ्याने तर ज्येष्ठातल्या निर्जला एकादशीला, नागपूरच्या त्या उन्हात, पाणी न पिता राहणे धोक्याचे आहे, कारण अंगातले पाणी कमी झाले की रक्तातील लिथियम विषारी पातळीला जाऊ शकते.

मामांशी देव आहे की नाही यावर वाद घालू नका. त्यात आईंची ओढाताण होईल. पुढच्या तपासणीला मामांनाच सोबत न्या आणि गोळ्या कधी व कशा कमी होतील हे डॉक्टरांच्या तोंडून त्यांना ऐकू द्या. सत्संग चालवणाऱ्या ताईंशीही बोला. “सत्संगाला या आणि गोळ्याही घ्या” एवढे वाक्य त्या बोलल्या, तर तुमच्या दहा वेळा सांगण्यापेक्षा त्याला वजन येईल. आईंची झोप पुन्हा उडाली, जेवण तुटले किंवा जगण्यात अर्थ नाही असे त्या बोलू लागल्या, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही सुरू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.