चॅटमधल्या मेसेजचा आयडी वेळेवरून कसा बनतो? नुसता टाइमस्टॅम्प का चालत नाही?

नुसता टाइमस्टॅम्प का चालत नाही, ते मी एक मेसेज गमावून शिकलो. ऑफिसपुरतं छोटं चॅट लिहिलं होतं आणि आयडी म्हणून सरळ टाइमस्टॅम्प, म्हणजे मेसेज आला त्या क्षणाचे मिलिसेकंद, घेतले होते. एक दिवस दोन मेसेज एकाच मिलिसेकंदात सर्व्हरवर आले आणि दुसरा पहिल्याच्या जागी लिहिला गेला. एरर कुठेच नाही. "मी पाठवला होता" असं एक सहकारी परोपरीनं सांगत होती, आणि तिचंच खरं होतं.

यावरचा उपाय ट्विटरने २०१० साली काढला, त्याचं नाव स्नोफ्लेक. ६४ बिटांचा, म्हणजे ० किंवा १ च्या ६४ घरांचा, एकच आकडा. त्यातले ४१ बिट वेळेचे, १० मशीनच्या क्रमांकाचे आणि १२ मोजणीचे; सगळ्यात पुढचा एक बिट वापरतच नाहीत. एकाच मिलिसेकंदात मेसेज आले की मोजणी एकाने वाढते, म्हणजे एका मशीनला मिलिसेकंदाला ४,०९६ आयडी. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की कुठल्याही मशीनला दुसरीला विचारावं लागत नाही. शिवाय वेळ बाकी दोन्हींच्या पुढे असल्यामुळे आयडीनुसार लावलं की मेसेज जवळजवळ आपोआप क्रमाने लागतात.

डिस्कॉर्ड हे चॅट अ‍ॅप हीच पद्धत वापरतं, फक्त त्यांची वेळ २०१५ च्या पहिल्या क्षणापासून मोजली जाते. त्यांच्या डॉक्युमेंटेशनमधला १७५९२८८४७२९९११७०६३ हा आयडी घ्या. त्याला ४१,९४,३०४ ने, म्हणजे २ च्या २२ व्या घाताने भागा; मशीन आणि मोजणीचे मिळून २२ बिट त्यामुळे बाजूला होतात. भागाकार ४१९४४७०५७९६ मिलिसेकंद. २०१५ च्या सुरुवातीत ते मिळवले की येतं ३० एप्रिल २०१६, आपल्या घड्याळात दुपारचे ४ वाजून ४८ मिनिटं २५ सेकंद. बाकीत मशीनचा क्रमांक आणि मोजणीचा ७ सापडतो.

स्वतः लिहिणार असाल तर दोन ठिकाणी जपा. सर्व्हरचं घड्याळ दुरुस्त होताना मागे सरकू शकतं, आणि मग जुनाच आयडी पुन्हा निघू शकतो. अशा वेळी घड्याळ पूर्वीच्या वेळेपुढे जाईपर्यंत आयडी देऊच नका. स्नोफ्लेकही तेच करतो. दुसरं म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट भाषा. २ च्या ५३ व्या घातापुढचे आकडे तिथे नेमके राहत नाहीत, वरच्या आयडीच्या शेवटचे ०६३ चक्क ०६० दिसतात. म्हणून आयडी ब्राउझरकडे नेहमी स्ट्रिंग म्हणूनच, म्हणजे आकडा नव्हे तर मजकूर म्हणून, पाठवा.