परत फिरवता येणारे आणि न येणारे : संशोधनाच्या आराखड्याविषयी एक पत्र

सातारा

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद.

तू पाठवलेला संशोधनाचा आराखडा काळजीपूर्वक वाचला. गणित, माहितीची गोपनीयता, फुरसतीच्या वेळचे ग्राहकवर्तन आणि कलावस्तूंचे जतन असे चार विषय तू एकत्र घेतले आहेस आणि प्रत्येकाला जवळपास सारखी पाने दिली आहेस. विषय एकत्र घेण्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती पानांच्या या वाटणीला, कारण त्यामुळे चार ओळखी होतात, प्रश्न एकही उभा राहत नाही. तुझा प्रश्न आपल्याच जिल्ह्यात आहे, असे मला वाटते. औंधच्या श्री भवानी संग्रहालयासारख्या, डोंगरावरच्या लहान संग्रहालयाच्या एका दालनात एका वेळी किती माणसे थांबली तर चित्रांना अपाय होणार नाही, आणि ती माणसे कोण होती हे कोणालाही कळू न देता ती मोजायची कशी? चारही विषय या प्रश्नात आपोआप येतात.

प्रथम चित्रांविषयी. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेल्या या संग्रहालयात राजा रविवर्मा आणि धुरंधर यांची तैलचित्रे आहेत, कागदावरची लघुचित्रे आहेत आणि हेन्री मूर यांचे माता व बालकाचे शिल्पही आहे. दगडाला दमट हवेची फारशी बाधा होत नाही. कापड, सरस, तैलरंग आणि कागद यांना होते, कारण हे थर दमट हवेत वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, कोरड्या हवेत वेगवेगळे आकसतात आणि त्या ओढाताणीतून रंगाला तडे जातात. आता एक साधा हिशेब कर. स्वस्थ माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला सुमारे ५० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. म्हणजे ४० माणसे तासाभरात दोन किलो. २५ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे २३ ग्रॅम बाष्प मावते; म्हणजे २०० घनमीटरच्या दालनात साडेचार किलोच्या आसपास. खिडक्या बंद असतील, तर त्या एका तासात सापेक्ष आर्द्रता, म्हणजे मावू शकणाऱ्या बाष्पापैकी हवेत असलेला हिस्सा, ४० हून अधिक टक्के-अंशांनी वर जाऊ शकते. प्रत्यक्षात वारा येतो, भिंती ओल शोषतात, म्हणून आकडा कमी येईल. तो किती कमी येतो हे मोजणे हा तुझ्या कामाचा पहिला टप्पा आहे. फ्रान्समधली लास्को येथील प्रागैतिहासिक चित्रांची गुहा १९६३ मध्ये लोकांसाठी बंद करावी लागली, ती मुख्यतः पाहणाऱ्यांच्या श्वासामुळे.

माणसांच्या बाबतीत सरासरीवर विसंबू नकोस. रांगांच्या गणितात माणसे एकेकटी आणि स्वतंत्रपणे येतात असे धरण्याची सवय असते. आपल्याकडे ती तशी येत नाहीत. शाळेची सहल एका एसटीतून उतरते, दिवाळीच्या सुट्टीत दोन-तीन कुटुंबे मिळून येतात. जुलै २०२४ मध्ये लंडनहून आलेली वाघनखे साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात ठेवल्यानंतर ती पाहायला लोक गटागटानेच आले. दिवसाला १२० माणसे ही संख्या निरुपद्रवी दिसते. त्यांतली ८० एकाच अर्ध्या तासात आली असतील, तर चित्राच्या दृष्टीने तो दिवस वाईट असतो. लोक एखाद्या स्थळाला किती मोल देतात हे प्रवासखर्चावरून काढण्याची कल्पना हॅरॉल्ड हॉटेलिंग या गणिती संख्याशास्त्रज्ञाने १९४७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेला लिहिलेल्या पत्रात मांडली होती. ती तुला उपयोगी पडेल. मात्र पुण्याहून निघालेले कुटुंब एकाच फेरीत कास, ठोसेघर आणि सज्जनगड करते, तेव्हा तो खर्च तिन्ही ठिकाणी कसा वाटायचा याचे उत्तर त्या पद्धतीत सहज मिळत नाही. या अडचणीला प्रबंधात एक स्वतंत्र प्रकरण दे.

आता गणित, आणि येथे मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण तुझ्या आराखड्यात नेमके हेच राहून गेले आहे. उष्णता कशी पसरते हे सांगणाऱ्या समीकरणाने एखादे चित्र धूसर होऊ दिले, तर बारीक तपशील फार लवकर विरतात : दहावा हिस्सा लांबीच्या तपशिलाचा ऱ्हासाचा दर शंभरपट असतो. ही क्रिया पुढे नेणे सोपे आहे. उलटी फिरवताना मात्र मोजमापातली क्षुल्लक चूकही प्रचंड वाढते. परिणामावरून मूळ स्थिती शोधण्याच्या अशा प्रश्नांना इन्व्हर्स प्रॉब्लेम म्हणतात. संवर्धकाला, म्हणजे कलावस्तू जतन आणि दुरुस्त करणाऱ्याला, हा उलटा प्रवास हवा असतो. मार्च १९४४ मध्ये इटलीतील पादुआ येथील ओवेतारी प्रार्थनागृहावर बॉम्ब पडले आणि पंधराव्या शतकातला चित्रकार मान्तेन्या याची भित्तिचित्रे चक्काचूर झाली. ८० हजारांहून अधिक तुकडे उरले. कोणता तुकडा कोठला आणि कोणत्या कोनात वळलेला, हे फोर्नासिएर आणि तोनिओलो या संशोधकांनी जुन्या कृष्णधवल छायाचित्रांच्या आधाराने, वर्तुळाकार हार्मोनिक फलनांच्या, म्हणजे तुकडा फिरवला तरी जुळणी तपासता येईल अशा, गणिताने शोधून दिले. सगळे तुकडे मिळूनही भिंतीचा फार थोडा भाग झाकला जातो. तरी ते काम विलक्षण आहे, आणि तू ते मूळ शोधनिबंधात वाचावेस.

गोपनीयतेत याच गणिताकडे दुसऱ्या टोकाने पाहावे लागते. २००३ मध्ये इरित दिनूर आणि कोबी निसिम यांनी सिद्ध केले की एखाद्या माहितीसाठ्याविषयी फार अचूक उत्तरे फार मोठ्या संख्येने दिली, तर त्या उत्तरांवरून मूळ नोंदी जवळजवळ संपूर्ण उभ्या करता येतात. संवर्धक ज्याला यश म्हणतो, तेच येथे संकट आहे. म्हणून तुझ्या प्रबंधाचा कणा मला असा दिसतो : चित्रावर जे करायचे ते परत फिरवता आले पाहिजे, आणि माणसांच्या नोंदींवर जे करायचे ते कोणालाही परत फिरवता येऊ नये. यातल्या पहिल्या अटीचे मोल अजिंठ्यात दिसते. १९२० च्या दशकाच्या आरंभी निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन संवर्धकांनी सुटू लागलेला रंग बसवला, पण त्यांनी दिलेला लाखेचा थर पुढे काळवंडला आणि तो उतरवणे नंतरच्या रसायनतज्ज्ञांना फार जड गेले.

दुसऱ्या अटीसाठी २००६ मध्ये सिंथिया ड्वर्क आणि सहकाऱ्यांनी मांडलेली डिफरन्शियल प्रायव्हसी वापर; एखादा माणूस नोंदींत आहे की नाही हे प्रसिद्ध आकड्यांवरून जवळजवळ कळू नये, अशी ही हमी आहे. मोजणीत लाप्लास वितरणाचा गोंगाट, म्हणजे त्या सूत्राने निवडलेली यादृच्छिक चूक, मिसळायचा आणि त्याचे प्रमाण एप्सिलॉन या संख्येने ठरवायचे; एप्सिलॉन जितका लहान, तितका गोंगाट आणि गोपनीयता अधिक. एप्सिलॉन १ असेल तर गोंगाटाचे प्रमाण विचलन (नेहमीच्या चुकीचे माप) सुमारे १.४ येते, ०.१ असेल तर सुमारे १४. कास पठारावरच्या हजारोंच्या गर्दीत १४ चा फरक कोणाला जाणवणार नाही. औंधला पावसाळ्यातल्या एखाद्या बुधवारी चारच माणसे आली असतील, तर तो आकडा निरर्थक होईल. आणि गोपनीयतेची खरी गरज त्या चौघांनाच आहे, कारण गावात त्यांना ओळखणारे असतात. तासवार आकडे प्रसिद्ध केलेस आणि प्रत्येक माणूस एकाच तासात मोजला गेला, तर एप्सिलॉन वाढत नाही. तोच माणूस तीन दालनांत मोजला गेला, तर एप्सिलॉन तिप्पट धरावा लागतो. म्हणून दालनवार आकडे हवेत की तासवार, हे मोजणी सुरू करण्यापूर्वी ठरव. एकाच प्रश्नाला दर वेळी नवा गोंगाट मिसळून उत्तर देऊ नकोस. पुष्कळ उत्तरांची सरासरी घेतली की गोंगाट विरतो.

मोबाइलच्या खुणांवरून माणसे मोजण्याचा मोह टाळ. २०१३ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात १५ लाख लोकांच्या नोंदींमध्ये स्थळ आणि वेळ यांच्या केवळ चार जोड्यांवरून ९५ टक्के माणसे वेगळी ओळखता आली. दारावरचा साधा मोजणी-संवेदक आणि आर्द्रतामापक एवढ्याने तुझे काम भागेल. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधनाला काही सवलत आहे. तुझी रचना त्या सवलतीवर उभी असू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नोंदणी गणित विभागातच कर. चार विषयांत अर्धवट रमलेल्या उमेदवाराला चारही परीक्षक परके वाटतात. एका विषयात सिद्धता देता येणाऱ्याचे ऐकायला संवर्धकही बसतो. पण समीकरण मांडण्यापूर्वी एखाद्या संवर्धकाबरोबर पुरेसे दिवस काम कर, आणि आर्द्रता किती वाढली याहून ती किती वेगाने वाढली याला तो अधिक महत्त्व देतो का, हे त्याला विचार. त्याचे उत्तर होकारार्थी आले, तर तुझ्या प्रारूपात माणसांच्या संख्येवरची मर्यादा बदलून दोन गटांमधल्या अंतरावरची मर्यादा घालावी लागेल, आणि सगळा आराखडा त्या दिशेने पुन्हा लिहावा लागेल. तो मसुदा झाला की मला पाठव.

तुझा,
एक शिक्षक