चॅलेंजर: कॉन्सेप्टमधलं काय टिकलं, काय गेलं

प्रश्न: अमेरिकेच्या डॉज कंपनीची 2006 ची चॅलेंजर कॉन्सेप्ट (प्रदर्शनासाठी केलेली नमुना गाडी) आणि 2008 मध्ये विक्रीला आलेली चॅलेंजर, दोन्हींचे फोटो शेजारी ठेवले तरी मला फरक सापडत नाही. शिवाय 1970 च्या मूळ चॅलेंजरमधल्या ‘हेमी’ नावाच्या इंजिनाची ताकद 425 अश्वशक्ती आणि नव्याचीही 425च. मग इतक्या वर्षांत इंजिन पुढे गेलंच नाही का?
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, चिंचवड

उत्तर: आधी इंजिनाचं बघू. आकडा एकच असला तरी मोजमाप वेगळं आहे. 1970 मध्ये अमेरिकी कंपन्या ‘ग्रॉस’ ताकद छापत. म्हणजे इंजिन गाडीबाहेर चाचणीच्या बाकावर चढवायचं, त्याच्यावर अल्टरनेटरसारखं ओझं ठेवायचं नाही, गाडीचा सायलेन्सरही लावायचा नाही आणि मग येईल तो आकडा लिहायचा. 1972 पासून तिकडे ‘नेट’ आकडा रूढ झाला. त्यात इंजिन गाडीत जसं बसतं तसंच, सगळ्या जोडण्यांसकट मोजतात. जुनं हेमी 7 लिटरचं होतं आणि नेट हिशेबात ते 350 च्या आसपास येतं. कॉन्सेप्टमधलं हेमी 6.1 लिटरचं, तरी त्याचे 425 नेट आहेत. लहान इंजिनातून जास्त ताकद, ही प्रगती नाही तर काय!

आता फरकाचं. डिझायनर मायकल कॅस्टिग्लिओनी यांनी रेखाटलेली ही नारिंगी कॉन्सेप्ट जानेवारी 2006 मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात आली, तेव्हा शेव्हरलेची कमॅरो कॉन्सेप्टही तिथेच होती. कमॅरोवाल्यांनी 1969 च्या कमॅरोचा नुसता बाज घेतला. चॅलेंजरवाल्यांनी मात्र 1970 च्या गाडीचे खोल बसवलेले चार गोल दिवे, लांबलचक बॉनेट, मागच्या चाकावरचा उंचवटा, सगळं जवळजवळ तसंच ठेवलं. मला हेच जास्त आवडतं. जुनं रूप इतकं देखणं असेल तर त्यात हात घालायची घाई कशाला?

तुम्हाला न दिसलेला फरक दारामागे आहे. कॉन्सेप्ट खरी ‘हार्डटॉप’ होती. दाराची काच आणि मागच्या सीटशेजारची काच, यांच्यामध्ये छताला टेकू देणारा खांबच नव्हता. दोन्ही काचा खाली केल्या की पुढपासून मागपर्यंत एकच मोकळी खिडकी. विक्रीच्या गाडीत तिथे खांब, म्हणजे बी-पिलर, आला. मी उमेदीची वर्षं गाड्यांच्या बॉडी डिझाइनमध्ये काढली आहेत, म्हणून सांगतो: हा खांब काढला की छताची मजबुती, बाजूने बसणाऱ्या धडकेपासूनचं संरक्षण आणि सांगाड्याचा ताठपणा दुसरीकडून भरून काढावा लागतो. त्यात वजन वाढतं, पैसाही जातो. डॉजने खांब काळा ठेवून काचेच्या ओळीत असा लपवला, की काचा वर असताना लांबून तो कळत नाही. मागच्या सीटशेजारची काचही कायमची बंद केली. सुरक्षेसाठी हा निर्णय योग्यच होता, तरी मला त्या मोकळ्या खिडकीची हळहळ वाटते.

गिअरबॉक्सही बदलला. कॉन्सेप्टमध्ये सहा गिअरचा मॅन्युअल होता, 2008 च्या गाडीला फक्त ऑटोमॅटिक. मॅन्युअल पुढच्या वर्षी आला.

आता काचा पूर्ण खाली असलेले, बाजूने काढलेले फोटो शोधा. दाराच्या मागच्या कडेला नजर ठेवा, कॉन्सेप्ट कुठली ते लगेच ओळखाल.