मायट्रल झडप अरुंद झाली असेल तर फुगा की नवी झडप?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : आईचं वय 46, संधिवाताच्या तापामुळे मायट्रल झडप अरुंद झालेली, आणि डॉक्टर म्हणतात की जांघेतून नळी घालून फुग्याने झडप उघडू. मित्राच्या वडिलांना मात्र तशाच नळीतून नवी झडप बसवली. मग आईची खराब झडप तशीच का ठेवायची? फुगा म्हणजे नुसती वेळ मारून नेणं आहे का?

नाही. आईची झडप फुग्यासाठी योग्य असेल, तर या आजारात फुगा हाच पहिला उपचार आहे. मी कॅथलॅबमध्ये, म्हणजे नळी घालून हृदयाचे उपचार करतात त्या विभागात, परिचारिका आहे आणि ही शंका कितीतरी घरांतून ऐकते. "पैसे कमी म्हणून आमच्या आईला फुगा देताय का?" असं विचारणारी मुलंही भेटतात. त्यांची काळजी खरी असते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मित्राच्या वडिलांना बहुतेक टावी, म्हणजे नळीतून नवी एओर्टिक झडप बसवणं, केलं असणार. तो वेगळ्या झडपेचा, वेगळ्या आजारावरचा उपचार. हृदयातून महाधमनीकडे जाणाऱ्या वाटेवर एओर्टिक झडप असते. उतारवयात तिच्या पाकळ्यांत कॅल्शियम साचतं, त्या कडक होतात आणि उघडेनाशा होतात. फ्रान्समधल्या रुआँ शहरात डॉ. आलाँ क्रिबिए यांनी 1985 मध्ये अशा झडपेत फुगा फुगवून पाहिला. रुग्णाला बरं वाटायचं, पण काही महिन्यांतच झडप पुन्हा अरुंद व्हायची. कडक झालेलं कॅल्शियम फुग्याने तडकतं, पण पाकळ्या काही मऊ होत नाहीत. म्हणून जाळीवर शिवलेली झडप नळीतून नेऊन तिथेच बसवायची, या कल्पनेमागे ते लागले आणि 16 एप्रिल 2002 रोजी ती पहिल्यांदा माणसात बसवली. आज आपल्या शेजारी, गुजरातेत वापीलाही अशा झडपा तयार होतात.

तेव्हा "फुगा तात्पुरता असतो" असं तुम्ही कुठे वाचलं असेल, तर ते एओर्टिक झडपेबद्दल खरं आहे. तुमच्या आईच्या झडपेबद्दल नाही.

आईचा आजार असा. मायट्रल झडप हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मधे असते. लहानपणी स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे घसा धरतो, त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात, ताप येतो. हाच संधिवाताचा ताप. घरचे म्हणतात, थंडी बाधली. शरीर त्या जंतूंशी लढता लढता स्वतःच्याच झडपांवर उलटतं. पुढे वर्षानुवर्षं काहीच कळत नाही, आणि आतल्या आत मायट्रल झडपेच्या दोन पाकळ्या कडेच्या कोपऱ्यांत एकमेकींना चिकटत जातात. निरोगी मायट्रल झडप उघडली की 4 ते 6 चौरस सेंटिमीटर वाट मोकळी होते. ती 1.5 किंवा त्याहून कमी झाली की आजार तीव्र धरतात. शर्टाच्या काजाच्या दोन्ही टोकांना कोणी टाके घालून भोक लहान करावं, तसं ते दिसतं. रक्त डाव्या कर्णिकेत, म्हणजे वरच्या कप्प्यात, तुंबतं, दाब मागे फुफ्फुसांत जातो, जिना चढताना धाप लागते, रात्री उठून बसावं लागतं. कित्येक बायकांची अशी वर्षं दम्याची औषधं घेण्यात गेलेली असतात. काहींचं निदान तर गरोदरपणात होतं, कारण तेव्हा शरीरातलं रक्त वाढतं आणि ही अरुंद वाट त्याला पुरत नाही.

इथे पाकळी बऱ्याचदा मऊ असते, फक्त कोपरे चिकटलेले असतात. तेवढे कोपरे सुटले की झडप पुन्हा काम करू लागते. 1925 मध्ये लंडनमध्ये हेन्री साउटर यांनी एका मुलीच्या हृदयात थेट बोट घालून अशी झडप मोकळी केली होती. पुढे 1948 पासून शल्यविशारद छातीत चीर देऊन, धडधडत्या हृदयात बोट किंवा उघडणारं हत्यार घालून हे नियमित करू लागले. जपानचे हृदयशल्यविशारद कांजी इनोऊए यांनी 1982 मध्ये तेच काम नळीच्या टोकावरच्या फुग्याने करून दाखवलं. आम्ही आजही इनोऊए फुगाच म्हणतो.

कॅथलॅबमध्ये काय होतं ते सांगते, म्हणजे आईलाही सांगता येईल. आई बहुतेक जागीच असेल, फक्त जांघेत भूल देतात. टावीला साधारणपणे धमनीतून जातात, इथे शिरेतून. नळी उजव्या कर्णिकेत पोचली की दोन कर्णिकांच्या मधल्या पडद्याला एका लांब सुईने बारीक छिद्र करतात. सगळ्या प्रक्रियेत सर्वांत जपून करायचं पाऊल हेच. डॉक्टरांचा हात इथे किती सरावलेला आहे, यावर बरंच अवलंबून असतं. म्हणून "तुमच्याकडे हे नियमित होतं का?" असं विचारायला संकोचू नका. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही.

मग फुगा डाव्या कर्णिकेतून झडपेपलीकडे नेतात. तो एकदम फुगत नाही. आधी पुढचा अर्धा भाग फुगतो, तो मागे ओढून झडपेवर टेकवतात, मग मागचा भाग फुगतो. आता झडप दोन्हींच्या मधोमध धरली गेली. शेवटी फुग्याची कंबर फुगते आणि चिकटलेले कोपरे सुटतात. हे सगळं काही सेकंदांचं काम. तेवढ्या वेळात रक्ताची वाटच बंद असते, म्हणून आईला क्षणभर गरगरल्यासारखं वाटू शकतं. हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे ती घाबरणार नाही. फुग्याचा आकार उंचीवरून काढतात : सेंटिमीटरमधल्या उंचीला 10 ने भागून त्यात 10 मिळवायचे. 150 सेंटिमीटर उंचीला 25 मिलिमीटर. पण सुरुवात त्याहून लहान मापाने होते. प्रत्येक वेळी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून बघतात, झडपेतून रक्त मागे गळणं वाढलं नसेल तरच एखादा मिलिमीटर वाढवतात. अजून थोडी उघडली असती, अशा मोहात न पडता वेळेवर थांबणारे डॉक्टर मला या कामात सर्वांत मोठे वाटतात.

फुगा नीट लागला की कर्णिकेतला दाब तिथेच, टेबलावर उतरताना मॉनिटरवर दिसतो. आम्ही सगळे त्या आकड्याकडे डोळे लावून असतो. वाट साधारण दुप्पट होते, रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातो. पडद्याचं बारीक छिद्र बहुतेकांत काही महिन्यांत आपोआप मिटतं.

हे किती टिकतं? हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधल्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास 1994 मध्ये प्रसिद्ध झाला. 60 रुग्ण, निम्म्यांना फुगा, निम्म्यांची छाती उघडून झडप मोकळी केलेली. तीन वर्षांनी फुगावाल्यांची झडप सरासरी 2.4 चौरस सेंटिमीटर उघडत होती, शस्त्रक्रियावाल्यांची 1.8. तेव्हा फुगा म्हणजे दुय्यम, हे मनातून काढून टाका. झडप चांगली असेल तर दहा-पंधरा वर्षं, कधी त्याहूनही जास्त निभावतं. कोपरे पुन्हा चिकटले तर काहींना दुसऱ्यांदाही फुगा करता येतो.

आता नवी झडप बसवली तर काय, ते बघा. धातूची बसवली तर रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर. प्राण्याच्या ऊतीची बसवली तर ती साधारण 10 ते 15 वर्षांत झिजते, आणि 46 व्या वर्षी बसवलेली झडप साठीच्या आसपास पुन्हा बदलावी लागू शकते. टावीसारखी नळीतून बसवू म्हटलं, तर मायट्रलचं कडं मोठं, गोल नसलेलं आणि मऊ असतं. टावीची जाळी कॅल्शियमच्या कडक कड्यात घट्ट रुतते, इथे तिला पकडायला जागा नाही. शिवाय ती पुढे सरकून हृदयातून रक्त बाहेर पडायची वाट अडवण्याचा धोका असतो. स्वतःची झडप आणखी पंधरा वर्षं वापरता येत असेल, तर ती काढायची घाई मी माझ्या आईच्या बाबतीतही केली नसती.

मायट्राक्लिपबद्दलही कोणी सांगेल. ती गळणाऱ्या मायट्रल झडपेसाठी : दोन पाकळ्या मधोमध चिमटीत धरून जोडायच्या. आईची झडप आधीच अरुंद आहे, क्लिपने ती आणखी अरुंद होईल.

फुगा सगळ्यांना चालतो असं मात्र नाही. टूडी इकोवर चार गोष्टींना गुण देतात : पाकळी किती हलते, किती जाड झाली, कॅल्शियम किती, आणि खालच्या दोऱ्या किती आखडल्या. एकूण 8 किंवा त्याहून कमी गुण असले तर झडप फुग्याला अनुकूल. डॉक्टरांना हा स्कोअर विचारा. झडप आधीच बरीच गळत असेल, कोपऱ्यांत कॅल्शियम साचलं असेल किंवा दुसरी झडपही बदलायची असेल, तर शस्त्रक्रिया बरी. धोकाही लपवत नाही : पाकळी फाटून तीव्र गळती झाल्याचं प्रमाण शंभरात दोन ते दहा नोंदलेलं आहे, आणि त्यातल्या काहींना तातडीची शस्त्रक्रिया लागते. हृदयाभोवती रक्त साचू शकतं, गुठळी सुटून पक्षाघात होऊ शकतो. म्हणून गरज पडल्यास छाती उघडू शकणारी टीम त्याच रुग्णालयात आहे ना, हेही विचारा.

गुठळीसाठी घशातून इको करतात. तो नकोसा असतो, आईला उमळून येईल, पण तो टाळू देऊ नका. तुंबलेल्या कर्णिकेत रक्ताची गुठळी असेल आणि नळी तिला लागली, तर ती थेट मेंदूकडे जाऊ शकते. गुठळी दिसली तर काही महिने रक्त पातळ करणारी गोळी देऊन पुन्हा इको करतात. असा उशीर झाला तर चिडू नका, तो आईच्याच भल्याचा असतो.

आईचे ठोके अनियमित असतील तर रक्त पातळ करणारी गोळी फुग्यानंतरही चालू राहील, आणि आयएनआर (रक्त किती पातळ झालं हे दाखवणारा आकडा) तपासत राहावं लागेल. तपासणी नको म्हणून कोणी नव्या गोळ्या सुचवल्या तर लगेच बदलू नका. 2022 च्या इन्व्हिक्टस अभ्यासात संधिवाताच्या तापामुळे हृदय बिघडलेल्या, ठोके अनियमित असलेल्या रुग्णांमध्ये वॉरफरिनच्या गटातली जुनीच गोळी सरस ठरली. पालेभाज्या बंद करू नका, फक्त रोजचं प्रमाण साधारण सारखं ठेवा. तीन आठवड्यांनी घ्यायचं पेनिसिलिनचं इंजेक्शन पूर्वी चालू होतं का, आता लागेल का, हेही विचारून घ्या. फुगा झडप उघडतो, पण पुन्हा संधिवाताचा ताप आला तर झडप आणखी बिघडू शकते, आणि तो ताप टाळण्यासाठीच हे इंजेक्शन असतं.

खर्चाचं म्हणाल, तर दाखल व्हायच्या आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते विचारा. रेशनकार्ड, आधार, जुने सगळे इको आणि चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या. रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवायची आणि कधी परत सुरू करायची, ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.