चिठ्ठीवर बाळाचा उपचार ठरतो तेव्हा

नवजात बालके आणि लहान मुले यांच्या गंभीर आजारांवरील संशोधनासंबंधी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे या अंकात घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमची सून सातव्या महिन्यातच बाळंत झाली. बाळ 1400 ग्रॅमचे असून मोठ्या दवाखान्यात काचेच्या पेटीत आहे. रक्तात जंतू झाल्यामुळे इंजेक्शने चालू आहेत. डॉक्टरांनी माझ्या मुलाला बोलावून सांगितले की येथे एक अभ्यास सुरू आहे. त्यात तब्येत सुधारू लागलेल्या काही बाळांना इंजेक्शने 7 दिवस द्यायची व काहींना 14 दिवस, आणि कोणाला किती हे पाकिटातल्या चिठ्ठीवर ठरायचे. गावात जो तो म्हणतो की गरिबाच्या लेकरांवर प्रयोग करतात. आम्ही नाही म्हटले तर उपचार बंद होईल काय? आणि डॉक्टरांना ठाऊक असेल तर चिठ्ठी कशाला?
— एक आजोबा, तालुका आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : आधी आपल्या काळजीचे बोलू. नाही म्हटल्याने बाळाचा उपचार थांबत नाही, आणि थांबवता येतही नाही. ज्या बाळाचे पालक अभ्यासात यायला तयार नसतात, त्याला त्या रुग्णालयाचा नेहमीचा उपचार मिळालाच पाहिजे. एकदा हो म्हणून नंतर कोणत्याही दिवशी कारण न सांगता बाहेर पडण्याचीही मुभा आहे. कोणी याउलट सुचवले, तर संमतिपत्रावर नैतिकता समितीचा, म्हणजे अभ्यास योग्य रीतीने चालतो का हे पाहणाऱ्या समितीचा, जो संपर्क दिलेला असतो, तेथे बेलाशक तक्रार करावी.

आता चिठ्ठीचे. अशा अभ्यासात चिठ्ठी तेव्हाच योग्य ठरते, जेव्हा दोन उपचारांपैकी बरा कोणता हे डॉक्टरांना खरोखरच ठाऊक नसते. इंजेक्शने लवकर थांबवली तर जंतू पुन्हा उचल खाण्याची भीती असते, आणि उगीच लांबवली तर सुया वाढतात, मुक्काम वाढतो, औषधाला न जुमानणारे जंतू वाढतात. मग डॉक्टरांनीच आपल्या मनाने बाळे का निवडू नयेत? आपण शेतकरी आहात, म्हणून शेतातलेच उदाहरण देतो. कपाशीचे एक वाण काळ्या कसदार जमिनीत लावले आणि दुसरे बरड जमिनीत, तर बोंडे मोजून वाणाची पारख होणार नाही. डॉक्टरांनी निवड केली, तर नकळत का होईना, धडधाकट बाळे एका गटात आणि नाजूक बाळे दुसऱ्या गटात जातात. चिठ्ठी हा कल टाळते.

चांगल्या हेतूने, पण तपासून न पाहता दिलेल्या उपचाराने काय होते, याचे उदाहरण आपल्या नातवासारख्या कमी दिवसांच्या बाळांचेच आहे. 1940 नंतरच्या दशकात श्रीमंत देशांतील रुग्णालये अशा बाळांना पेटीत सढळ हाताने प्राणवायू देत असत, आणि त्यांपैकी हजारो मुले आंधळी झाली. प्राणवायूवर संशय आल्यावर अमेरिकेत तुलना सुरू झाली, तेव्हा वॉशिंग्टनच्या एका रुग्णालयात काही परिचारिका रात्री गुपचूप कमी प्राणवायूच्या गटातील बाळांचा प्राणवायू वाढवीत, कारण त्यांना तो प्रकार निर्दयपणाचा वाटे. त्यांची माया खरी होती. पण 1953-54 साली 18 रुग्णालयांनी मिळून केलेल्या अभ्यासात दोष जादा प्राणवायूचाच निघाला. पुढे भीतीपोटी प्राणवायू फारच आखडता घेतला गेला आणि त्यापायीही बाळे दगावली. आज बाळाच्या पायाला लाल दिव्याची जी पट्टी लावलेली दिसते, ती रक्तातील प्राणवायू मोजते. तो साधारण 90 ते 95 टक्क्यांच्या दरम्यान ठेवण्यामागे चिठ्ठ्या टाकून केलेल्या अशाच अनेक अभ्यासांचा आधार आहे.

बाहेरच्या देशांत सिद्ध झालेले येथे आयते लागू पडेल, असेही धरून चालता येत नाही. जन्मताना गुदमरलेल्या बाळाचे अंग 72 तास थंड ठेवल्याने मेंदूचे नुकसान कमी होते, असे श्रीमंत देशांत आढळले होते. भारत, श्रीलंका व बांगलादेश येथील 7 रुग्णालयांत 408 बाळांवर हेच तपासले गेले. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार थंड ठेवलेल्या बाळांपैकी 42 टक्के दगावली आणि नेहमीचा उपचार मिळालेल्यांपैकी 31 टक्के. अभ्यास झाला नसता, तर हा उपचार आपल्याकडे चांगला म्हणून सर्रास पसरला असता आणि त्याने होणारी हानी कोणाच्या हिशेबात आली नसती. गरिबाच्या लेकरावर न तपासलेला उपचार करणे हाच मला मोठा अन्याय वाटतो.

तरीही गावाचा संशय निराधार नाही. न समजावता अंगठे घेण्याचे प्रकार आपल्या देशात झाले आहेत, आणि 2019 च्या औषध-चाचणी नियमांत संमतीवर एवढा भर आहे तो उगीच नाही. म्हणून मुलाने सही करण्याआधी संमतिपत्र मराठीत मागून घ्यावे, घरी आणावे आणि आपण सर्वांनी ते वाचावे. सही आई-वडिलांची लागते, आजोबांची नव्हे. पण सल्ल्याला आपण बसू नये असे कोणी म्हणू शकत नाही. सुनेला बाजूला ठेवून निर्णय घेऊ नये. वाचता न येणाऱ्या पालकांसमोर ते पत्र एका त्रयस्थ साक्षीदारादेखत वाचून दाखवावे लागते. डॉक्टरांना विचारावे की अभ्यासासाठी जादा रक्त किती वेळा काढणार, 7 दिवसांनी इंजेक्शन थांबवल्यावर ताप किंवा सुस्ती आली तर कोण पाहणार, आणि सुट्टीनंतर तपासणीला यायचे भाडे कोण देणार. अभ्यासापुरत्या तपासण्यांचा खर्च पालकांवर टाकता येत नाही. अभ्यासामुळे इजा झाल्यास मोफत उपचाराची व भरपाईची तरतूद आहे. अभ्यासाची नोंद देशाच्या चाचणी नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये आहे का, हेही विचारावे. असल्यास तिचा क्रमांक मिळतो आणि तो मोबाइलवर कोणालाही पाहता येतो. या प्रश्नांना जो डॉक्टर वैतागतो, त्याच्या अभ्यासात बाळ न घातलेलेच बरे.

प्रश्न : मी गावातील आशा (आरोग्य स्वयंसेविका) आहे. दवाखान्यात बाळंतपण झाले तरी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी जाऊन बाळाचे वजन, ताप, श्वास पाहावे लागते व अर्ज भरावा लागतो. हे दिवस कोणी ठरवले? या कागदांचा काही उपयोग होतो का?
— जि. गडचिरोली

उत्तर : ताई, आपण जे करता त्याचे मूळ आपल्याच जिल्ह्यात आहे. डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1995-96 साली 39 गावांतील 763 नवजात बाळांची घरी जाऊन नोंद ठेवली. निम्म्याहून अधिक बाळांना उपचाराची गरज होती, पण डॉक्टरांपर्यंत शंभरातली जेमतेम दोन-तीन पोहोचत होती. ही गोष्ट कोणत्याही रुग्णालयाच्या नोंदवहीत सापडली नसती, कारण ती बाळे रुग्णालयात गेलीच नव्हती.

त्यानंतर गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवले गेले. बाळाने अंगावर ओढणे सोडले, रडणे क्षीण झाले, हातपाय ढिले पडले, अशा खुणांवरून जंतुसंसर्ग ओळखून त्या जेंटामायसिनचे इंजेक्शन व तोंडावाटे दुसरे औषध देत. त्या काळी अनेक जाणकारांना हा अविचार वाटला होता. शेजारच्या 47 गावांत सरकारी सेवा नेहमीसारख्या चालू होत्या. त्यांच्याशी तुलना करता तिसऱ्या वर्षी या 39 गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण 62 टक्क्यांनी घटलेले दिसले. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतील मृत्यू 16.6 टक्क्यांवरून 2.8 टक्क्यांवर आले. डिसेंबर 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे छापले, आणि 2011 साली केंद्र सरकारने आशांच्या गृहभेटी देशभर लागू केल्या. पहिल्या आठवड्यातच बाळे सर्वाधिक दगावतात, म्हणून सुरुवातीच्या भेटी जवळजवळ आहेत. घरी बाळंतपण झाल्यास पहिल्या दिवसाची भेट वाढते.

कागदाचा उपयोग खरे लिहिण्यावर आहे. तिसऱ्या दिवशी जाणे झाले नसेल, तर चौथ्या दिवशी गेल्याचेच लिहावे. भेटीआधीच भरलेला अर्ज बाळाच्याही कामाचा नाही आणि अभ्यासाच्याही.

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या मुलीला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, एसएस म्हणजे आई-वडील दोघांकडून आलेला. डॉक्टरांनी हायड्रॉक्सीयुरिया रोज घ्यायला सांगितले. औषधाच्या दुकानात कळले की हे कॅन्सरचे औषध आहे. एवढ्या लहान मुलीला द्यावे काय?
— एक आई, तालुका देवरी, जि. गोंदिया

उत्तर : हे औषध कॅन्सरसाठीही वापरतात, ते खरे आहे, पण सिकलसेलमध्ये त्याची मात्रा व हेतू वेगळा असतो. त्याने रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढते आणि लाल पेशी विळ्यासारख्या वाकणे कमी होते. अमेरिकेत 9 ते 18 महिने वयाच्या बाळांवर दोन वर्षे अभ्यास झाला व 2011 साली त्याचे निष्कर्ष आले. पानथरी आणि मूत्रपिंड वाचवण्याचा जो मुख्य हेतू होता, तो त्यात सिद्ध झाला नाही. पण अंग ठणकण्याचे झटके मात्र निम्म्यावर आले. नागपुरात मध्य भारतातील मुलांवर दर किलो वजनाला 10 मिलिग्रॅम या कमी मात्रेचा अभ्यास झाला आणि तेवढ्यानेही झटके पुष्कळ कमी झाले. मात्रा कमी म्हणजे खर्चही कमी, हे आपल्या भागात लहानसहान नाही.

औषध आपल्या मनाने बंद करू नये आणि वाढवूही नये. पांढऱ्या पेशी व प्लेटलेट घटू शकतात, म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा रक्ततपासणी करावीच आणि तिचे सगळे कागद एका पिशवीत ठेवावेत. मुलीला ताप आला, तर गोळी देऊन घरी वाट न पाहता त्याच दिवशी ती पिशवी घेऊन रुग्णालय गाठावे व तेथे पोचताच सिकलसेल आणि हायड्रॉक्सीयुरिया हे दोन्ही सांगावे.